तेवीसचं बत्तीस

(जवळा बाजारच्या रशीदाबी यांनी घरासमोरच्या ओट्यावर बसून सांगितलं, तसं.)

माझं माहेर नरसीकडचं, खेड्यातलं. बाप शेतकरी, भावंडं लई, मी मधली. शाळा गावातच व्हती पण मी गेले न्हाई, काहून गेले न्हाई ते इचारू नका, तवा पोरींना कोण इचारत व्हतं. मोजता मातर येत व्हतं बरं का, तोंडानं. शेरडं मोजायची, भाकरी मोजायच्या, वीस झाले की एक खडा बाजूला ठेवायचा. पण लिव्हलेला आकडा समोर आला की मला मुंग्याच दिसायच्या. मग लगीन झालं, इथं जवळा बाजारला आले. हे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, बाजारच्या दिवशी मैदानात बसून गादीला टाके घालायचे. बोलणं कमी, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई, नमाज कधी चुकवली न्हाई. पोरगी एकच झाली आमाला, नसीम, तीबी लई उशिरा.

मग ह्यांना शुगर निघाली. आधी गोळ्या व्हत्या, मग डोळ्यापुढं धुकं आलं, मग डॉक्टर म्हणले आता सुई घ्यावी लागल, सकाळी आन संध्याकाळी, जेवायच्या आधी. आता काय सांगू तुमाला, घरात माणसं तीन, ह्यांना सुईवरच्या रेघा दिसंनात, मला दिसायच्या पण वाचता येईनात, आन नसीम तिसरीत. मग भरणार कोण? नसीमच. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला दाखवलं, हे बघ बेटा, इथं वीस लिव्हलंय, इथपत्तोर ओढायचं. तिनं ओढायचं, मी टोचायचं, असं बराबर चाललं व्हतं. सिस्टरनं मलाबी सांगून ठेवलं, घाम फुटला, हात थरथरले, माणूस भलतंच बोलाया लागला तर शुगर उतरली समजायचं, लगेच गोड द्यायचं.

एकदा तपासलं तर शुगर वाढलेली निघाली. सिस्टरचा फोन आला, उद्यापासून सकाळी तेवीस द्या. नसीमनं ऐकलं, मीबी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बाजार. ह्यांची घाई चाललेली. नसीमनं सुई भरली, मी हातात घेतली तर मला वाटलं दांडा जरा जास्तच बाहेर आलाय. म्हणलं बाई, इतकं? ती म्हणली अम्मी, डोस वाढला ना आता, तेवीसच हाय. आता मी काय म्हणू? जिला वाचता येत न्हाई तिनं वाचणाऱ्याला काय म्हणावं? टोचलं. हे अर्धी भाकर खाऊन उठले, म्हणले गिऱ्हाईक येऊन थांबलं असंल, आन गेले.

नसीम शाळेत गेली. तिथं गणिताचा तास, मॅडम आकडे सांगून राहिल्या, पोरं पाटीवर लिहून राहिली. मॅडम म्हणल्या तेवीस. नसीमनं लिव्हलं. मॅडम जवळ आल्या, म्हणल्या बेटा, हे तर बत्तीस झालं, तीन आधी लिव्हलास तू. बघा तुमी, तेवीस म्हणताना तोंडात तीन आधी येतो ना, म्हणून लेकरानं तीन आधी लिव्हला, तिची काय चूक? पण ती पाटीकडं बघतच राहिली म्हणं, सकाळी सुईबी तिनं तशीच भरली व्हती, तिसाच्या पुढं दोन रेघा, आन मग पाटी टाकून पळाली. मी नळावर भांडी घासत व्हते, तर ही धापा टाकत आली, अम्मी, अब्बूला बत्तीस गेलं, अम्मी, बत्तीस गेलं. मागून मॅडम पळत आलेल्या. माझ्या हातातली राख तशीच, पळाले मी.

बाजार खचाखच भरलेला. ह्यांच्या जागेवर गेले तर अर्धी शिवलेली गादी, तिच्यात दाभण तसाच खुपसलेला, चपला तिथंच आन माणूस न्हाई. शेजारची भाजीवाली म्हणली, अवं, आत्ताच उठले, हाका मारल्या तर वळून बघितलं न्हाई, अनवाणीच गेले. कुठं? तिकडं म्हणली, बैलाच्या बाजाराकडं. तिकडं पळालो, न्हाई. कापडवाल्यांच्या ओळीत, न्हाई. ऊन तापलेलं, माणसाला माणूस लागून राहिलेला, आन नसीम रडत न्हाई, नुसती अब्बू अब्बू करत पुढं.

मग एका भिंतीकडं माणसं जमलेली दिसली. हसून राहिली व्हती. कुणीतरी म्हणलं, सकाळीच लावून आला वाटतं. माझा माणूस, ज्यानं दारूला हात लावला न्हाई! भिंतीला टेकून बसलेले, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, डोळे उघडे पण माझी वळख न्हाई त्या डोळ्यांत. हात धरला तर झिडकारला. मॅडम समोरच्या रसवंतीवरून उसाचा रस घेऊन आल्या. तर एक म्हातारा मधी पडला, शुगरवाल्याला रस पाजता, मारता का त्याला? मॅडम माझ्याकडं बघाया लागल्या. सगळे माझ्याकडंच बघाया लागले. मी म्हणलं द्या इकडं. सरळ बसवलं, गिलास व्हटाला लावला, तर दात आवळून बसले. तवा नसीम खाली बसली, म्हणली अब्बू, एक घोट, माझ्यासाठी. घेतला. मग दुसरा. गिलास सरला, दुसरा आणला. किती येळ गेला अल्ला जाणे. मग ह्यांनी तिच्याकडं बघितलं, म्हणले नसीम, शाळा सुटली का गं?

तवा मी रडले, भर बाजारात.

रिक्षातून दवाखान्यात नेलं, संध्याकाळपत्तोर ठेवून घेतलं, वाचले. पण लेकरू गप झालं. सुईला हात लावंना, शाळेत आकडा लिव्हायचा म्हणलं की खडू तसाच हातात. शेजारची भाबी सुई भरून देऊ लागली. मॅडम घरी आल्या, तुरीच्या काड्या तोडल्या, दहादहाच्या पेंढ्या बांधल्या. म्हणल्या, या दोन पेंढ्या म्हंजे वीस, या सुट्या तीन. पेंढ्यांचं घर आधी लिव्हायचं, सुट्यांचं मागून. तोंडानं काही म्हण, हातानं पेंढी आधी. मीबी तिच्याशेजारी बसले, मला काय लाज. रोज बसलो आमी, चुलीपुढं बसून पेंढ्या बांधायच्या आन सोडायच्या.

एक दिवस ह्यांनी नसीमला हाक मारली, सुई पुढं केली, म्हणले तू भर. ती मागं सरली. हे म्हणले, भाबी भरती तवा मला भेव वाटतं बेटा, ती एकदाबी इचारत न्हाई. तू आता दहादा इचारशील. तिनं भरली. मला दाखवली, मी वाचली, दोन आन तीन. मग टोचलं.

आता नसीम सहावीत हाय. मला शंभरपत्तोर वाचता येतं, फक्त ते एकोणसत्तर, एकोणऐंशी अजून दगा देतात, सत्तर म्हणायचं आन लिव्हायचं साठातलं, ह्येला काय म्हणावं! सिस्टरचा फोन आला की मी म्हणते, बाई, एकेक आकडा सुटा सांगा, चिडली तर चिडू द्या.

आज बाजारच हाय. म्हणून तुमच्याशी बोलताना माझं ध्यान फोनकडं लागून राहिलंय. हे तिथं बाजारात भाकर खाल्ली की फोन करतात, तवर मला घास उतरत न्हाई... थांबा, आला. हां, जेवलात? समदी भाकर? बरं, बरं.

जेवले म्हणतात. चला, आता आपुनबी दोन घास खाऊ. अल्ला तुमच्या लेकराबाळांना सलामत ठेवो.