शेखरने माझ्या सिनेमाची वकिली केली

– चर्चा संपली गं, केव्हाच संपली. सगळे गेलेसुद्धा. तू बस ना, उभी का? ती खुर्ची नको, हलते ती, ही घे. सृष्टी ना तू? मेसेज तूच केला होतास – कळवणहून येते, बाहेरच्यांना चालतं का म्हणून – हो, उत्तर देणारी पायल मीच. बाहेरचे म्हणजे काय गं, आम्ही काय आतले आहोत? पाच टाळकी आहोत. पोटापाण्याचं करून सिनेमे बघतो, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी इथे पंचवटीत, केरूभाऊंच्या चहाच्या दुकानाच्या माडीवर जमतो आणि भांडून भांडून वर्षाचा एक सिनेमा ठरवतो. बक्षीस नाही, काही नाही. इन्स्टावर फोटो टाकतो, लाइक करणारे निम्मे आमचेच नातेवाईक. पण भांडतो असे की जसं काही उद्या सगळा देश आमचंच ऐकून तिकिटं काढणारे. गाडीला उशीर झाला? होणारच, वणीला देवीची गर्दी असणार आज. केरूभाऊ, दोन चहा – हो, दोन, माझा हा गार झाला.

कोण जिंकलं? 'सोमवार बंद' जिंकला. तू पाहिलायस? – बघ, लगेच हसलीस, म्हणजे आवडलाय. सगळ्यांनाच आवडतो. घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, सोमवारी दुकान बंद, सोमवारी तो नदीवर जाऊन बसतो, दोन तास तो बसतो आणि आपण त्याला बघतो. वाईट नाही, मी वाईट म्हणत नाहीये. सनी म्हणाला, माणसापेक्षा धुकंच जास्त काम करतं त्यात, धुक्याला पुरस्कार द्या. सनी दरवर्षी असाच, मागच्या वर्षी त्याने घोडे-तलवारीवाल्या सिनेमाला मत दिलं, का तर घोडा चांगला होता. पण ह्या वर्षी सनीसुद्धा माझ्या बाजूने होता. सनी! आणि तरी हरलो. एका मताने.

माझा? माझा 'मागची खोली'. नाही पाहिलास ना? कुठून पाहशील, कळवणला लागलाच नसेल. इथेसुद्धा एक आठवडा टिकला नाही, सकाळचा शो, थिएटरात आम्ही आणि झोपायला आलेली दोन कॉलेजची मुलं. गोष्ट काही मोठी नाही. एक नर्स आहे, आपल्यातलीच – म्हणजे आमच्यातली, बौद्ध – शहरात बदलून येते आणि एका घराच्या मागची खोली भाड्याने घेते. आडनाव असं आहे की कळत नाही. मग हळूहळू मालकिणीला कळतं. कुणी हाकलत नाही, कुणी शिवी देत नाही, सगळे गोडच बोलतात. फक्त मालकीण हळदीकुंकवाला बोलवायचं विसरते. मग पुढच्या वर्षीही विसरते. एका प्रसंगात नर्सची आई गावाहून आलेली असते, मालकिणीचा मुलगा काही द्यायला मागे येतो, आई त्याला पाणी देते – आणि बघत राहते. त्याच्याकडे नाही, ग्लासाकडे. पितो की नुसता ओठाला लावून ठेवतो. कॅमेरा हलतच नाही. मी थिएटरात – जाऊ दे. मी पुन्हा तीनदा जाऊन पाहिला.

नियम सांगते, नियम कळल्याशिवाय तुला पुढचं कळायचं नाही. आपल्या आवडत्या सिनेमाबद्दल आपण बोलायचंच नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, दुसऱ्याचा सिनेमा आपल्याला येतो, आणि तो जणू आपलाच आहे असं समजून मांडायचा. अगदी मनापासून. आम्ही त्याला वकिली म्हणतो. मग चहा, मग मतदान, आणि मत मात्र आपलं खरं, हात वर करून, सगळ्यांदेखत. नियम माझाच. कॉलेजात असताना काढला होता मी, फार भारी वाटलं होतं मला – म्हटलं, माणूस दुसऱ्याच्या जागी उभा राहायला शिकेल. वेदिका म्हणालीही होती, पायल, तू सिनेमा बघायला आलीस की समाज सुधारायला? मी म्हटलं, दोन्ही. वीस वर्षांची होते. आजही तेच म्हणाले असते, दुपारपर्यंत.

तर ह्या वेळी 'मागची खोली' आला शेखरकडे.

शेखर कोण? शेखर म्हणजे – शेखर आमच्या पाचांतला. सिन्नरचा. घरी शेती आहे, आता भावाचं खतांचं दुकानही आहे, हा इथे इंजिनिअरिंगला आला आणि इथेच राहिला, सातपूरला नोकरी. माझा मित्र. मित्र म्हणजे, हसू नकोस, मित्रच. चार वर्षं. रोज बोलतो. शो सुटला की मला उपनगरला, आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत सोडतो आणि तिथेच गाडी लावून अर्धा तास सिनेमावर बोलतो, आणि सिनेमा संपला तरी बोलतो. स्पष्ट असं कुणीच कधी बोललं नाही. मला घाई असते सगळ्याची, ह्या एका गोष्टीची मात्र मी घाई केली नाही. म्हटलं, त्याचं त्याला बोलू दे.

आणि आज तो बोलला. इथे, ह्या टेबलाशी उभं राहून. सुरुवातीला नेहमीचं – पटकथा, आवाज, ती खोलीची खिडकी. मग थांबला. म्हणाला, त्या ग्लासाच्या प्रसंगाबद्दल लोक म्हणतील की हे ताणलंय, असं आता कुठे असतं. मी सांगतो कुठे असतं. तीन वर्षांपूर्वी मी एका मैत्रिणीच्या घरी हार्डडिस्क परत द्यायला गेलो होतो. तिच्या आईने पाणी दिलं आणि माझ्याशी बोलता बोलता त्या ग्लासाकडे बघत राहिल्या. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी सगळा ग्लास प्यायलो आणि आणखी मागितलं. तहान नव्हती. आणि त्या हसल्या. ते हसू मी आयुष्यात विसरणार नाही, आणि मला लाज वाटली, की माझ्या नुसत्या पाणी पिण्याने कुणाला एवढं बरं वाटावं.

अगं, ती माझी आई! मी आत होते, स्वयंपाकघरात, चहा टाकत होते. मला वाटलं होतं त्याला तहान लागलीय. तीन वर्षांत तो एकदाही बोलला नाही ह्यावर. आणि मी – मला वाटायचं आईची ती नजर फक्त मलाच दिसते, आणि देव करो कुणालाच दिसू नये. त्याला दिसली होती. तृप्ती तर डोळे पुसत होती. सनीने सुद्धा विनोद केला नाही. मैत्रीण कोण ते सगळ्यांना कळलंच, सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. तू असतीस तर तुला काय वाटलं असतं? खरं सांग. एखाद्याने चार माणसांत असं सांगितलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

मी घेतला. चहाच्या वेळी मी जिना उतरून खाली गेले, भाजीबाजाराच्या बाजूला, आणि आईला फोन लावला. म्हटलं, आज शेखर जेवायला येतोय. हो, तोच. हो आई, तेच, त्यासाठीच येतोय, तुम्हा दोघांशी बोलायला. त्याला मी विचारलंसुद्धा नव्हतं गं! म्हटलं, विचारायचं काय त्यात, मतदान झालं की गाडीवर बसेन आणि सांगेन, चल घरी. आईने विचारलं, तो मटण खातो का, की पनीर आणू? मग म्हणाली, त्याच्या घरी माहिती आहे का? मी म्हटलं, आई, तो सगळ्यांसमोर बोललाय. सगळ्यांसमोर! आणखी काय पाहिजे? आई म्हणाली, बरं, बघते. मागून पप्पांचा आवाज येत होता, शिडी कुठे ठेवलीय, गेटवरचा दिवा गेलाय, पाहुण्याला घर सापडायला नको का. पप्पा नोटांच्या प्रेसमध्ये होते, आता रिटायर झालेत, कुणी येणार म्हटलं की आधी दिवे बघतात.

वर आले. मतदान. 'सोमवार बंद'ला वेदिका आणि तृप्ती. हो, तृप्तीच, डोळे पुसणारी. रडणं वेगळं, मत वेगळं म्हणाली. 'मागची खोली'ला मी आणि सनी. राहिला शेखर. मी त्याच्याकडे बघितलंही नाही, सांगते तुला, मी पिशवीत फोटोसाठी बोर्ड शोधत होते, निकाल लिहायला. मान वर केली तर त्याचा हात वर होता. मोजणी तर 'सोमवार बंद'ची चालली होती.

मला आधी वाटलं, चुकून. म्हटलं, शेखर, तुझी चूक होतेय, हा दुसरा. तो म्हणाला, नाही, हाच. चित्रपट म्हणून हा जास्त पूर्ण आहे, तुझ्यातला राग कधीकधी कथेच्या पुढे पळतो – तुझ्यातला म्हणाला, सिनेमातला म्हणायचं होतं त्याला, बहुतेक. मी म्हटलं, आणि ते पाण्याचं? तो हसला. म्हणाला, अगं, चिठ्ठीत मला आला ना तो, वकिली होती ती. नियम तुझाच आहे, पायल.

सगळे हसले. मीसुद्धा हसले! खरंच, मोठ्याने. बोर्डावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'सोमवार बंद', फोटोत सगळ्यात पुढे मीच आहे, बघशील तू इन्स्टावर.

नाही, खोटं नव्हतं. तेच तर सांगतेय. वेदिका म्हणाली, सोड, वाढवून सांगितलं असेल, वकिलीत सगळेच वाढवतात. वाढवलेलं असतं तर बरं झालं असतं गं. आई खरंच हसली होती, मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलंय, दोन ग्लास तिने खरंच धुऊन पालथे ठेवले होते. ज्याला दिसलंच नाही त्याच्यावर काय रागवायचं? त्याला समजवता येतं, सिनेमा दाखवता येतो. ह्याला सगळं दिसलं. आमच्यापेक्षा चांगलं मांडता आलं. आणि मग त्याने हात वर केला, दुसरीकडे.

मी त्याच्या मागोमाग खाली गेले. गाडी काढत होता. मी घरी चल म्हटलंच नाही. एवढंच विचारलं, ती गोष्ट तू तुझ्या आईला सांगशील? म्हणाला, कुठली? म्हटलं, आत्ता आम्हाला सांगितलीस ती. तो बराच वेळ किल्लीशी खेळत राहिला. म्हणाला, तिथे सांगून काय होणारे, पायल? तुला माहितीये आमच्याकडचं. हेल्मेट घातलं. काच खाली केली. मग त्याचा चेहरा नाही दिसला मला.

मला माहितीये त्यांच्याकडचं? मला काय माहितीये? एकदाच गेलोय आम्ही सगळे सिन्नरला, त्याच्या भावाच्या साखरपुड्याला. त्याच्या आईला ओळख करून देत होता – ही वेदिका कुलकर्णी, हा सनी बोराडे, ही तृप्ती शिंदे, आणि ही पायल. नुसतं पायल. येताना गाडीत मी इतकी खूश होते, काय सांगू, म्हटलं बघ, सगळ्यांची आडनावं लागली, माझं लागलं नाही, म्हणजे मी त्याला किती जवळची. दोन वर्षं मी ते असं जपून ठेवलंय, पुन्हा पुन्हा काढून बघायचे. आत्ता तुला सांगता सांगता कळतंय मला. आत्ता. बघ ना, माझी सिनेमातली एक फ्रेम चुकत नाही –

नको, पाणी नको. आहे माझ्याकडे.

थांब, आईचा आहे. – हां आई. – हो, निघतेच आहे. – नाही, एकटीच. – नाही येत तो. – भांडण कसलं गं, त्याला घरून फोन आला, जावं लागलं सिन्नरला. – अगं, खरंच. – नाही, तसा नाहीये तो, चांगला मुलगा आहे, तू उगाच – पप्पांना काय सांगू, सांग ना काहीतरी, पुढच्या रविवारी येईल म्हणावं. – आणि एवढं सगळं केलं असशील तू, ते फुकट – काय? – तिघांचंच?

– मी तर तुला दुपारीच सांगितलं होतं ना आई, चौघांचं म्हणून.

– हं. – हं. ठेव. येते.

चहा पी तू. गार होतोय. – नाही, काही नाही. तिने तिघांचंच केलंय म्हणे. – असं बघू नकोस माझ्याकडे, सृष्टी. तुला परत गाडी मिळाली पाहिजे ना कळवणची? मग ऊठ. चर्चा संपली म्हटलं ना मघाशीच. जा.