रापणीचा वाटा

सुरेंद्र : कडी लाव, दामिनी. वरचीबी लाव. अन् खिडकीपासून दूर हो!

दामिनी : लावली. तुमच्या शर्टावर रक्त हाय. कुठी लागलं?

सुरेंद्र : माह्यं नाई. त्या बुढ्याचं हाय.

दामिनी : मी तिकडं शिंपल्या वेचून राह्यली होती. ओरडा आयकून पाह्यलं, तं बुढा वाळूत आडवा अन् तुमच्या हाती वल्हं. काऊन मारलं त्याले?

सुरेंद्र : तो काठी घेऊन धावून आला माह्या मांगं. त्याच्यामांगं आनखी पाच-सहा जन. लाटायच्या आवाजात काई आयकू येत नव्हतं. मी मनलं, आता माह्यंबी अतुलदादावानी होते. होडीतलं वल्हं उचललं अन् घातलं डोस्क्यात. हाड वाजलं, दामिनी. मले आयकू आलं.

दामिनी : पन ते तुमच्यामांगं लागले कायले?

सुरेंद्र : त्यायच्या जाळ्याच्या दोराले हात लावला मी.

दामिनी : तुमी? दादा गेल्यापासून गावच्या तलावाकडं तोंड केलं नाई तुमी. काल डॉल्फिन पाहाच्या होडीतबी मी एकटीच बसली. एवढ्या दूर, कुरखेड्याहून समुद्रावर, मी हट्टानं आनलं तुमाले. मनलं, पानी पाहून जीव थोडा हलका होईन.

सुरेंद्र : ते सारे मिळून जाळं वढून राह्यले होते. एक बाई घसरून पडली. दोर सुटून राह्यला होता. मच्छी धरनाऱ्या ढिवराचा हात हाय, आपोआप गेला. लय दिवसांनी चांगलं वाटलं मले. जाळं काठावर आलं तसा भानावर आलो, दोर सोडला अन् निंगालो. मंग तो बुढा धावला.

दामिनी : थांबा. दार वाजून राह्यलं.

ज्योत्स्ना : दामिनी, मी ज्योत्स्ना. उघड. एकटी आहे मी.

दामिनी : घरमालकीण ताई हाय. उघडते.

सुरेंद्र : उघडू नोको! तिच्यामांगून ते शिरतीन. तो कोयता दे इकडं!

दामिनी : या ताई, लवकर आत या.

ज्योत्स्ना : कडी घाल परत. आणि पाव्हणे, तो कोयता खाली ठेवा. शहाळी कापायला ठेवलाय मी, माणसं कापायला नाही.

सुरेंद्र : बाहीर किती जन हायत?

ज्योत्स्ना : अर्धा गाव आहे अंगणात. सगळ्यांत पुढे माझा भाऊ, हातात लोखंडी सळी घेऊन. तुमचं डोकं फोडल्याशिवाय हलणार नाही म्हणतो.

दामिनी : तुमचा भाऊ? त्याचं काय बिघडवलं यायनं?

ज्योत्स्ना : तुझ्या नवऱ्यानं ज्याला आडवा केला ना, तो आमचा बाप आहे. बाबल तांडेल. काठावरून ओढतात ते मोठं जाळं, ती रापण, त्याची.

सुरेंद्र : ताई, तो मले माराले आला होता.

ज्योत्स्ना : माराक? अरे मेल्या, तो तुका वाटो देवक येय होतो! इथे रापण ओढताना दोराला जो हात लावतो, त्याला मासळीचा वाटा मिळतो. ओळखीचा असो नाहीतर वाटेवरचा. तुम्ही तसेच निघालात, म्हणून हाका मारत मागे धावला. वाटा न घेता कोणी गेला तर त्याला रात्रभर झोप लागत नाही.

सुरेंद्र : मंग काठी?

ज्योत्स्ना : घारी आणि कुत्रे हाकलायची काठी ती. मासळी वाळूवर आली की त्याच्या हातात असतेच. दुसऱ्या हातातली टोपली नाही दिसली तुम्हाला?

सुरेंद्र : नाई. काठीच दिसली.

ज्योत्स्ना : आज रात्री दशावताराला पहिल्या रांगेत बसवणार होते मी तुम्हाला. आता शेजारच्या दवाखान्यात जाते. मी परतेपर्यंत दाराला हात लावायचा नाही, असं भावाला बजावलंय. बाप शुद्धीवर नाही अजून. एक सांगून ठेवते. तो गेला, तर मी या दारात उभी राहणार नाही. भावाला वाट मोकळी करून देईन.

दामिनी : गेली. आयकलं ना, काय मनली ते?

(खिडकीची काच फुटते. दगड खाटेवर येऊन पडतो.)

सुरेंद्र : मी जातो बाहीर. एकदाचं होऊन जाऊ दे.

दामिनी : कोयता घेऊन?

सुरेंद्र : मंग रिकाम्या हातानं मरू? दादा रिकाम्या हातानं मेला!

दामिनी : मी पातं धरलं हाय. वढा. माह्यी बोटं तोडून मंग जा बाहीर.

सुरेंद्र : सोड, दामिनी! रक्त निंगून राह्यलं!

दामिनी : निंगू द्या. एका मान्साचं सांडवलं, आता माह्यंबी सांडवा. मले तं तुमी आवडीनं लग्न करून आनलं ना?

सुरेंद्र : सोडला. हे पाह्य, फेकला कोपऱ्यात. दाखव हात. अरे देवा.

दामिनी : दुपट्ट्यानं बांधा. जोरानं. अन् बांधता बांधता सांगा. दादाचं तुमी कधी सांगतलंच नाई. सासूबाईबी नुसतं मनते, मच्छीच्या भांडनात गेला.

सुरेंद्र : आमी लग्नाहून येऊन राह्यलो होतो. वाटेत दुसऱ्या गावचा तलाव. लोकं जाळं वढून राह्यले होते. दादा मनला, थांब. चप्पल काढली अन् उतरला पान्यात. जाळं दिसलं की हात शिवशिवत त्याचे. मंग ओरडा झाला. काठ्यायनं मारला त्याले, वल्ह्यायनं मारला. पान्यात बुडवून मारला. मी काठाच्या पाळीवर उभा होतो. पाय उचलले नाई माह्ये. गडचिरोलीले नेता नेता गाडीतच गेला.

दामिनी : पन त्यानं केलं काय होतं?

सुरेंद्र : चोर मनत होते ते त्याले. मच्छीचोर. मंग सारा गाव मनाले लागला. पुढं पुढं मलेबी वाटलं, एवढे लोक मारतेत तं यानं काई केलंच असन. आजवर तसंच मानत आलो मी. शरम वाटे त्याची.

दामिनी : ताईचा आवाज हाय बाहीर.

सुरेंद्र : उघड. मीच उघडतो. ताई, बाबा कसे हायत?

ज्योत्स्ना : पुढे ये. असा उजेडात उभा राहा.

दामिनी : ताई! अवो, मारू नोका त्यायले!

ज्योत्स्ना : ही थप्पड माझी. आणखी मारीन, हात थांबत नाहीये माझा. बाप शुद्धीवर आला. टाके घालतायत. डोळा उघडल्या उघडल्या मला काय विचारलं, माहीत आहे? ‘त्या पाव्हण्याक वाटो पोचवलंस?’ मी म्हटलं, त्यानेच तुझा डोका फोडलान. तर म्हणतो, ‘ता पोलीस बघतले. दोर तेणा ओढलो ना?’

सुरेंद्र : ताई...

ज्योत्स्ना : बांगडे आहेत. धरा टोपली.

सुरेंद्र : मले नोको. मी कोन्या तोंडानं घेऊ?

ज्योत्स्ना : घ्यावीच लागेल. भावाने सळी खाली ठेवलेली नाही अजून, आणि पोलिसांची गाडी नाक्यावर आलीय. त्यांच्यासोबत जायचंय तुम्हाला. त्याआधी धरा. मला बापाला जाऊन सांगायचंय, दिला म्हणून.

दामिनी : धरा ना, अवो. असे काय पाहून राह्यले त्या टोपलीकडं?

सुरेंद्र : दामिनी, दादानंबी नुसता दोरच धरला होता.