लुकलुकता लाल दिवा

सून : पण मी सेव्ह केलं होतं रे! दर पाच मिनिटांनी करते.

भाऊ : ताई, तू सेव्ह म्हणालीस, कॉम्प्युटर 'हो' म्हणाला. म्हणजे लगेच लिहिलं असं नाही. तो आधी स्वतःच्या डोक्यात धरून ठेवतो, मग सवडीनं पेनड्राइव्हवर उतरवतो. मधेच उपटला की राहिलेलं डोक्यातच.

(भाऊ फोनवर आहे. फोन टेबलावर, स्पीकर चालू. सासरे खुर्चीमागे.)

भाऊ : काढला कुणी?

सासरे : मी. लाल दिवा लुकलुकत होता, हात लावला तर चांगलाच तापलेला. चाळीस वर्षं वायरमन होतो बाबा. गरम लागलं की आधी काढायचं, मग विचारायचं.

भाऊ : काका, तो दिवा लुकलुकतो तेव्हा लिहिणं चालू असतं.

सासरे : आमच्यात लुकलुकला म्हणजे जळायला आलं.

सून : बाबा, दोन मिनिटं गॅलरीत गेले होते मी. दोन!

भाऊ : काय होतं त्यावर? ती ऑपरेशनवाल्यांची पुस्तिका?

सून : तीच. हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी जाणाऱ्यांसाठी. एकवीस पानं, पाचला छापखान्यात द्यायचीत, आता चार वाजून गेले. नोकरी सोडल्याला दोन वर्षं झाली, त्यानंतरचं पहिलं काम आहे हे.

भाऊ : दुसरीकडे काहीच नाही ठेवलंस?

सून : मुलं या कॉम्प्युटरवरचं काहीही पुसतात, म्हणून सगळं पेनड्राइव्हवर. सकाळपासून बाबा वाचतायत, मी दुरुस्त करतेय. सोळा ठिकाणी अडवलं त्यांनी.

सासरे : 'श्रम टाळावेत' म्हणे. पायात मोजे घालणं श्रमात येतं का, ते लिहा की.

भाऊ : बरं, पडद्यावर काय दिसतंय?

पडदा : उपकरण सापडत नाही. तेच उपकरण जोडा आणि 'पुन्हा प्रयत्न' दाबा. किंवा : दुसरीकडे ठेवा. किंवा : बंद करा.

भाऊ : मागे पानं दिसतायत?

सून : दिसतायत. मोजेसुद्धा.

भाऊ : सुटलीस! काही बंद करू नकोस फक्त. तोच पेनड्राइव्ह त्याच जागी घाल आणि 'पुन्हा प्रयत्न' दाब. राहिलेलं उतरवेल तो.

सून : द्या बाबा.

सासरे : हं.

सून : बाबा, पेनड्राइव्ह.

सासरे : त्याला विचार, तोच म्हणजे... अगदी होता तसाच लागतो का?

भाऊ : म्हणजे काय काका?

सासरे : काढला खरा, पण मग वाटलं, जळला की काय. म्हणून टीव्हीच्या मागे लावून पाहिला.

सून : टीव्हीला?

सासरे : त्यानं काहीतरी विचारलं. 'वापरण्यायोग्य करायचा का?' मी म्हटलं, बरा आहे बिचारा, दुरुस्त करून देतोय. 'हो' दाबलं.

भाऊ : ताई, हात मागे! घालू नकोस!

सून : नाही घातला. अजून त्यांच्याच मुठीत आहे.

भाऊ : टीव्हीनं तो पुसून कोरा केलाय. तुझ्या कॉम्प्युटरला वाटणार जुनाच आलाय. जुन्या खुणा धरून कोऱ्यावर लिहीत सुटेल आणि सगळ्याचा विचका होईल. पडद्यावर आहे तेवढंच उरलंय तुझ्याकडे. 'दुसरीकडे ठेवा' दाब. दाबलंस?

सून : दाबलं.

पडदा : ठेवत आहे. कृपया थांबा.

सासरे : किती वेळ?

सून : बाबा, शू.

पडदा : ठेवले.

भाऊ : आता ती प्रत उघड आणि पार शेवटापर्यंत जा.

सून : ...अठरा, एकोणीस, वीस. एकवीस. चित्रं पेनड्राइव्हवरच होती, ती गेली रे, नुसत्या रिकाम्या चौकटी आहेत.

भाऊ : चित्रं कुणाकडे आहेत?

सून : छापखान्याकडेच. त्यांनीच पाठवली होती.

भाऊ : मग रडतेस कशाला? आधी मेल कर. ठेवतो. काका, टीव्ही जपा.

सून : बाबा, आधीच का नाही सांगितलंत? मी घालणार होते तो.

सासरे : तू फोन लावत होतीस तेव्हा तोंडाशी आलं होतं. माझ्या छातीच्या ऑपरेशनपायी एकदा नोकरी सुटली तुझी. आता परत मीच... जीभच उचलेना.

सून : नोकरी मी सोडली. तुम्ही नव्हती सोडायला लावली.

सासरे : मी नकोही म्हटलं नव्हतं.

सून : नव्हतं म्हटलं. खरंय. बसा तुम्ही, उभे राहून दम लागतो. पाठवतेय.

सासरे : गेलं?

सून : गेलं. पाचला दहा कमी आहेत.

सासरे : काही म्हणाले ते?

सून : 'मिळालं' म्हणतायत. आणि पुढचं काम घ्याल का, असं विचारलंय. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी.

सासरे : घे की मग. मी या खोलीकडे फिरकणार नाही.

सून : मग वाचणार कोण?

सासरे : मला ते दुखणं कुठं झालंय? मला काय कळणार त्यातलं?

सून : तुम्हाला कळेपर्यंत लिहीन.