नळीतला आवाज

झुराइदा : सातच पौंड? अंकल, फोनवर बघते मी, पोरं टर्बोला वीस-वीस पौंड दाब देतात.

लियाँग : त्या पोरांची इंजिनं बघायचीत? गॅरेजच्या मागच्या अंगणात ढीग पडलाय. तुला शर्यत जिंकायचीय की कामावर पोचायचंय, मिसी?

झुराइदा : कामावर. रोज सकाळी इपोहहून वर डोंगरात, तानाह राताच्या क्लिनिकला, संध्याकाळी परत. घाटात भाजीचा ट्रक पुढे आला की आईची ही गाडी दमच टाकते. ओव्हरटेक करायला निघाले, निम्म्यात गेले, की समोरून दुसरा ट्रक हजर. परवा तर मी डोळेच मिटून घेतले.

लियाँग : नर्सबाई असून डोळे मिटतेस? मग तुझ्या रोग्यांचं देवच बघो! ऐक. जपानहून अर्धी कापून आणलेली गाडी पडलीय माझ्याकडे. तिचं इंजिन घेऊ. सेल्वम ते उघडून आतून नवं करेल. मजबूत पिस्टन, कॉम्प्रेशन जरा कमी, रेडिएटर मोठा. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो मात्र छोटा. छोटा लवकर जागा होतो, घाटात तोच कामाचा. दाखवायची गाडी वेगळी आणि रोज चालवायची वेगळी.

सेल्वम : आणि नॉक सेन्सर.

लियाँग : आला ह्याचा सेन्सर!

सेल्वम : तो लागेलच, शेठ. आणि ट्यूनिंग क्वालालंपूरला करून घेऊ. तिथे मशीनवर होतं.

झुराइदा : नॉक म्हणजे काय, अण्णा?

लियाँग : त्याला काय विचारतेस, मी सांगतो. आत पेट्रोलनं आपल्या मनानं पेट घेतला की इंजिन आतल्या आत टोले खातं. टर्बो लावला की ही भीती जास्त. ट्यूनिंगवाल्याचं काम काय, तर त्या टोल्यांचा आवाज आला की थांबायचं, दाब मागे घ्यायचा. मी तांब्याची नळी इंजिनला जोडतो, तिचं दुसरं टोक कानाला, आणि घाट चढतो. तीस वर्षं हेच केलं. मला कोण मशीन शिकवतंय?

झुराइदा : पण अण्णा, तुम्ही एवढा हट्ट का धरलाय?

सेल्वम : मी आपलं सांगितलं.

झुराइदा : अंकल, राग मानू नका. क्लिनिकमध्ये लोक बोलतात. तो हायकल, घाटात गेला तो... त्याचंही इंजिन तुमचंच होतं ना?

लियाँग : बोलतात ना? बोलू देत. माझंच होतं. बांधलं इथे, ट्यूनिंग मी केलं. ओव्हरटेक करताना ऐन मध्यावर इंजिन बसलं आणि गाडी ट्रकच्या तोंडी गेली. चोवीस वर्षांचं पोर गं. का बसलं? घाटाखालच्या पंपाचं पेट्रोल. भेसळ! मी स्वतः जाऊन तिथे तमाशा केला. पेट्रोल भरणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी कामावरून काढलं.

सेल्वम : शेठ, जाऊ द्या ना आता.

लियाँग : का जाऊ दे? पुरावा आहे माझ्याकडे. शेवटच्या ट्यूनिंगला पोरानं आपला फोन नळीच्या तोंडाशी चिकटवला होता, आठवण म्हणून. ते रेकॉर्डिंग मलाही पाठवलं. थांब मिसी, ऐकवतोच. चांगलं इंजिन कसं असतं ते ऐक. शिवणयंत्र चाललंय असं वाटेल.

(लियाँग फोनवरचं रेकॉर्डिंग लावतो.)

लियाँग : आहे की नाही स्वच्छ?

झुराइदा : हो... पण हे बारीक बारीक खडे कसले वाजतायत?

लियाँग : कसले खडे?

झुराइदा : पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसं. हे बघा, आत्ता. परत वाजलं.

लियाँग : फोनचा स्पीकर फुटकाय.

झुराइदा : अंकल, वरच्या चहाच्या कारखान्यातल्या कामगारांचे कान मी तपासते. मघाशी माझं घड्याळ दोनदा वाजलं. अण्णांनी वळून पाहिलं. तुम्ही बोलतच होता.

लियाँग : तुझा शब्दन् शब्द ऐकू येतोय मला!

झुराइदा : येणारच. बोलणं राहतं. यंत्रांत जन्म गेला की आधी बारीक, वरच्या पट्टीतला आवाज जातो. ज्याचा जातो त्याला कळतसुद्धा नाही.

लियाँग : किती दिवसांत जातो?

झुराइदा : दिवस नाही, अंकल. वर्षं लागतात. दहा-दहा वर्षं.

लियाँग : हायकलला जाऊन आठच महिने झाले.

झुराइदा : मला तसं म्हणायचं नव्हतं...

लियाँग : सेल्वम, तू सांग. आहेत खडे?

सेल्वम : शेठ...

लियाँग : तुझे कान शाबूत आहेत ना? मग हो की नाही, एवढंच बोल.

सेल्वम : आहेत. त्याचं इंजिन मीच उघडलं. तिसरा पिस्टन वितळला होता, आणि बाकीच्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. एका टाकीच्या पेट्रोलनं एवढं होत नाही. पहिल्या दिवसापासून टोले खात होतं ते.

लियाँग : आणि तू आठ महिने गप्प बसलास?

सेल्वम : वीस वर्षं तुमच्या हाताखाली काढली. स्पॅनर धरायला तुम्ही शिकवलंत. कुठल्या तोंडानं सांगणार होतो? त्याच्या आधीच्या दोन गाड्यांचा दाब तुम्ही घरी गेल्यावर मी गुपचूप उतरवला. हायकल थांबलाच नाही. ट्यूनिंग झालं आणि तसाच गाडी घेऊन गेला. भित्रा आहे मी, शेठ. तेव्हाही होतो आणि पंपावर तुम्ही ओरडत होता तेव्हाही.

लियाँग : मिसी, त्या कामगारांना कसं तपासतेस तू?

झुराइदा : आवाज आला की बोट वर करायचं. थांबला की खाली.

लियाँग : मग कर. मी पहिल्यापासून लावतो.

झुराइदा : कशाला, अंकल? नको ना.

लियाँग : कर म्हणतो ना!

सेल्वम : पुरे, शेठ. चहा सांगतो मी, चला.

लियाँग : गप. हं, हे निघालो आम्ही. इथून चढ लागतो. हा दुसरा गिअर. हा तिसरा... बोट खाली घे की गं. वळणावर तर मी दाब कमी केला होता.

झुराइदा : थांबलं नाही, अंकल. थांबतच नाहीये ते.

लियाँग : ...आता संपेल. शेवटी पोरानं फोन काढून हातात घेतला. हसतंय. एवढं मला ऐकू येतं.

झुराइदा : बंद करू का?

लियाँग : त्याचा बाप, रोस्लान, दर शुक्रवारी नमाज झाला की येतो हे ऐकायला. नुसतं हसणं लावलं तर त्याला चालत नाही. म्हणतो, पहिल्यापासून लाव, माझं पोर आहे त्या गाडीत. मी शेजारी बसतो आणि दर वेळी सांगतो, बघ, किती स्वच्छ चाललीय.

झुराइदा : ते काय वाजतंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही?

लियाँग : त्याला वाटत असेल, गाडी अशीच वाजते. माझ्यावर विश्वास आहे त्याचा. मेलो असतो तर बरं झालं असतं गं. मिसी, तू क्वालालंपूरला जा. सेल्वम इंजिन बांधून देईल, त्याचा हात चोख आहे. सेन्सर लावून घे. मला ह्यापुढे इंजिनला हात लावू देऊ नका.

सेल्वम : शेठ, आज शुक्रवार आहे. नमाज सुटलाच असेल. शटर खाली ओढू का?

लियाँग : नको. उघडंच राहू दे. आणि त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेव.