ताईबाईसाठी हलकी चाकं

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, चैत्र संपत आलेला, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी, आणि जळगावचा इंदरचंद पंख्याखाली बसून मला शिकवतो! मला! 'नाना, मॅगव्हील म्हणजे शौकीन पोरांचं काम, तुमच्या म्हाताऱ्या फियाटला कशाला?' अरे, तुला चाकं विकायचीत की माझं वय काढायचंय? मी एकच सांगितलं... चाक हलकं पाहिजे, आणि आमचा रस्ता सोसणारं पाहिजे. बस्स.

हसताय? हसा. पण आधी ऐका.

ताईबाई माझी धाकटी बहीण. एरंडोलपलीकडे, पद्मालयाच्या अंगाला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-बहिणी माहेरी येतात, आणि मुराळी म्हणून तिला आणायला मीच जायचो. तर एका आखाजीला एरंडोलच्या स्टँडवर गाड्यांमागून गाड्या भरून गेल्या, आणि एका दारात कसंबसं चढलो तर कंडक्टर हिला म्हणतो, 'ए बाई, उतर, मागच्या गाडीनं ये!' माझ्या बहिणीला! डोकं फिरलं. भर स्टँडवर ओरडलो, 'ताईबाई, पुढच्या आखाजीला तुला माझ्या स्वतःच्या मोटारीत नेईन!'

लोक विसरले. कंडक्टर विसरला. ती विसरते? पुढच्या वर्षी मी दारात उभा, ती ओट्यावर. 'मोटर कोठे शे?' म्हटलं, 'एस्टीनं जाऊ.' 'नही भाऊ. तुनं देनं बाकी शे. मी मोटरमाच बठसू.' आली नाही! त्याच्या पुढच्या वर्षी? नाही! आमच्या घरात हट्ट वाटून घ्यावा लागत नाही, सगळ्यांना पुरून उरतो. मी म्हटलं, नको येऊस. पण तुम्हाला सांगतो, दर आखाजीला दारच्या निंबाला तिचा झोका मीच टांगायचो, त्यावर कोणाला बसू द्यायचो नाही, आणि सण सरला की मीच सोडायचो. बायका गाणी म्हणायच्या, पोरी हिंदकळायच्या, तो एक झोका नुसता वाऱ्यानं हलायचा... जाऊ द्या.

शेवटी, कितीतरी वर्षांनी, धुळ्याच्या एका डॉक्टरची जुनी फियाट घेतली. हिलालला ड्रायव्हर ठेवला. पण तिच्या गावचा रस्ता! त्याला रस्ता म्हणणारा कधी तिकडे गेलेला नसणार! पहिल्याच फेरीला, निम्म्या वाटेत, लोखंडी रिंगा अशा वाकल्या की मोटार लंगडत परत आणली. हिलाल म्हणे, 'नाना, चाकंच जड, खड्ड्यात धाडकन आदळतात. ॲल्युमिनियमची हलकी टाका, गाडी फुलासारखी जाईल.' फुलासारखी! म्हणून मी जळगावात.

इंदरचंदनं चाकं मांडली. एक बारीक काड्यांचं, चकचकीत. एक जाडजूड. 'नाना, खड्ड्यांना हे जाडं घ्या, थोडं वजनी आहे, पण...' पण काय? हलकं पाहिजे म्हटलं ना! दोन्ही उचलून शेजारच्या धान्याच्या दुकानात काट्यावर टाकली. बारीक हलकं निघालं. राहिलं सोसणं. ते कसं बघायचं? इंदरचंद म्हणे, 'कंपनीचा कागद आहे.' कागद मला वाचता येत नाही, आणि आला असता तरी चाक काय कागदावरून चालणार आहे? मी चाकावर बोटाचं पेर मारलं... टण्ण! काय नाद! आखाजीची घागर आम्ही अशीच घेतो ना, वाजवून? बद्द वाजली तर कच्ची, टण्ण वाजली तर पक्की. जाडं वाजवलं. बद्द! इंदरचंदनं डोक्याला हात लावला, 'नाना, हे मडकं नाही हो!' म्हटलं, 'मडकंसुद्धा आम्ही वाजवून घेतो, मग चाक का नाही? हलकं आहे, पक्कं आहे. बांध.'

आखाजीच्या आदल्या दिवशी निघालो. गाडी आणखी हलकी व्हावी म्हणून स्टेपनी घरीच काढून ठेवली. हिलाल कुरकुरला. कुरकुरू दे! आणि काय गेली मोटार, काय गेली! ताईबाई ओट्यावर. उठली, मोटारीभोवती फिरली, टपावरून हात फिरवला. केस पांढरे झाले होते तिचे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

'हाई तुनीच शे का?'

'माझीच.'

'बरं. डिकी उघड.'

आणि घरातनं पाटा-वरवंटा आणला! अख्खा दगड! मी म्हटलं, 'ताई, चाकं तोळ्यातोळ्यानं निवडलीत गं मी!' ती म्हणे, 'आईना पाटा शे. तो बी माहेरले येई.'

पाटा मीच उचलून डिकीत ठेवला.

आमच्या शिवारातल्या नाल्यात, गावची झाडं दिसायला लागलेली, मागचं चाक दगडावर... टण्ण! तोच नाद! वाकलं नाही हो, वाकलं असतं तर ठोकून सरळ केलं असतं. फुटलं. घागरीसारखं! हिलाल खाली उतरून तुकडे गोळा करायला लागला, ते जास्त लागलं. म्हटलं, 'ताई, उतर, चालत जाऊ.' 'मी नही उतरसू. मोटरमा म्हने व्हता तू.'

मग शेजारच्या शेतातनं बैलगाडी आणली. गड्यांनी फियाटची मागची बाजू उचलून गाडीला बांधली, पुढची चाकं जमिनीवर. म्हणजे मोटार उलटी! तोंड सासरकडे, पाठ माहेरकडे, आणि मागच्या शिटावर ताईबाई, पुढच्या शिटाला पाय लावून, मांडीवर वरवंटा. कासरा मी धरला. ती लहान असताना जत्रेहून असाच आणायचो... बैल चालले, आणि मागनं तिचा आवाज, 'भाऊ, तुनी मोटर हळू चालस. बरं शे.'

वेशीत बठ्ठं गाव, झाडून सगळं, गोळा. हसेनात का! कोणी म्हणे, 'नाना, पेट्रोल का कडबा?' मी वळूनही पाहिलं नाही. दारापुढे उभी केली, फियाटचं दार रीतसर उघडलं, तिला हात दिला. तुम्हाला सांगतो, हाताला वजनच लागलं नाही हो. एवढी हलकी... आणि एवढं सोसलेली.

झोका टांगलेलाच होता. ती सरळ जाऊन बसली. पायानं जमीन मागे ढकलली.

'फिटनं तुनं देनं,' म्हणाली.