कॅमेरा पक्का बसला पाहिजे

...आन् वर मलाच इचारतात, तू आरडलीस का न्हाईस! अवो, धरणाच्या मधोमध, बुडाखाली ते पिसाळलेलं यंत्र, दातात चिकटपट्टी... आरडू कशी? दातात चिकटपट्टी कुठनं आली म्हणता? तेच तर सांगते की! तुमाला सांगते, सगळं खापर मी एका वाक्यावर फोडते. "कॅमेरा पक्का बसला पाहिजे!" आठवडाभर घरात दुसरं वाक्य न्हाई. सकाळी चहा ठेवावा, "कॅमेरा पक्का बसला पाहिजे." ताटात भाकरी वाढावी, "तेवढा कॅमेरा पक्का बसला ना, मग बघ." काय बघू? बघितलं की मग!

मी स्नेहल. माहेर बेल्ह्याचं, दिलंय ओतूरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठावर. ओट्यावर बसलं की समोर सगळं पाणीच. दोन हजार नऊचा मे महिना. आमचे हे, म्हंजे आदेश (घेतलं नाव, झालं!) यांच्या डोक्यात आलं, की सुट्टीला पुण्या-मुंबईची माणसं धरणावर येतात, फोटो काढतात, भजी खातात आन् निघून जातात. त्यांना पाण्यावर फिरवायचं! म्हणून समुद्राकडनं एक जुनी वॉटर स्कूटर आणली. म्हंजे मोटारसायकलच वो, चाकं तेवढी न्हाईत. टेंपोतनं आली तवा आळेफाट्याला चहाच्या टपरीवर लोकं इचारायची, "पावणं, हे औत कशाचं?"

ती इकणारा माणूस सोबत आलता, शिकवायला. काळा चश्मा, कमी बोलणारा. त्यानं एक लाल दोरी दाखवली. टेलिफोनच्या वायरीसारखी पिळाची. तिचं एक टोक मनगटात अडकवायचं, दुसऱ्या टोकाला चिमटा, तो हँडलवरच्या बटणाखाली बसवायचा. माणूस पाण्यात पडला की दोरीला हिसका, चिमटा निघणार, इंजिन गप. तो यांच्याशी बोलत व्हता, पण वळला माझ्याकडं. "भाभी, गाडी पुरानी है, एक्सलेटर कभी कभी अटकता है. ये रस्सी कलाई से कभी नहीं निकालना. कभी नहीं." आन् चश्मा काढून बघितलं वो त्यानं माझ्याकडं. मी म्हणलं, "अवो, ऐकलं का?" हे म्हणले, "ऐकलं, ऐकलं. पण कॅमेरा कुठं लावावा?"

तर कॅमेरा! ओतूरला यांचा दोस्त हाय, कल्पेश, उत्तमचंद शेटजींचा मुलगा, मोबाईलचं दुकान. त्याच्या मेव्हण्यानं परदेशातनं एक कॅमेरा आणला व्हता, काड्याच्या पेटीपेक्षा थोडा मोठा, पारदर्शक डबीत बंद, पाण्यात पडला तरी आत थेंब जाणार न्हाई असा. कल्पेश म्हणला, "आदेश, जाहिरातीची व्हिडिओ शिडी काढू. केबलवर लावू. पण भावा, परक्याची वस्तू हाय. पडली तर मेव्हणा मला घरात घ्यायचा न्हाई. कॅमेरा पक्का बसला पाहिजे." झालं! तिथनं ते वाक्य आमच्या घरात शिरलं ते शिरलंच.

पहिल्यांदा हँडलला बांधला, पाईपाची क्लिप आन् सायकलच्या ट्यूबची पट्टी. चक्कर मारून आले, बघतोय तर काय, चित्र असं थरथरतंय की हिवताप आलेल्या माणसानं काढलंय. मग पुढच्या नाकाडावर चिकटवला, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपानं. पहिल्याच लाटंला उडाला! नशीब काठाशी उडाला, गुडघाभर पाण्यात सापडला. आमचे सासरे, रखमाजी मामा, काठावर उकिडवे बसून बघत व्हते. म्हणले, "आरं, तेलकट भांड्यावर कधी काही चिकटतं का? पेट्रोलनं पूस, वाळू दे, मग लाव, आन् एक दिवस हात लावू नगंस." तसं केलं. बसला! असा बसला की यांनी धरून हिसका दिला तर स्कूटर हलली, कॅमेरा न्हाई. तोंड बसणाऱ्याकडं बरं का. "पाणी काय कुणीबी बघतंय. मालकाचा चेहरा दिसला पाहिजे," हे यांचं म्हणणं.

इथं थांबले असते तर मी आज तुमाला ही गोष्ट सांगत बसले असते का? पण कल्पेश म्हणला, "समजा निघालाच, तर? एक दोरी पायजे. आधाराला." आता सांगा, शेतकऱ्याच्या घरात दोरीला काय तोटा? दावं हाय, कासरा हाय, सुतळीचा गड्डा हाय! मी पळत जाऊन सुतळी आणली. हे म्हणले, "सुतळी? जाहिरातीत गोठा दिसंल गोठा!" आन् इकडं तिकडं बघून यांनी मनगटातली ती लाल दोरी काढली... काढली वो, माझ्या डोळ्यांदेखत... आन् तिचा फास कॅमेऱ्याच्या डबीला अडकवला. "बघ, रंगबी कसा मॅच झाला!"

मी म्हणलं, "अवो, ती मनगटातली हाय. त्यो माणूस काय म्हणला व्हता?"

"मी काय पडणाराय का? आठ वर्षांचा असल्यापासनं विहिरीत उड्या मारतोय. मला काय व्हतंय? कॅमेरा पक्का बसला पाहिजे!"

बरं, पुढं ऐका. दोरी बांधली कॅमेऱ्याला, तिचा चिमटा हँडलवर. हँडल वळवलं की दोरी ताणायची, चिमटा निघायचा, इंजिन गप! दर वळणाला गप! हे वैतागले. यंत्र बिचारं सांगत व्हतं वो, आपल्या परीनं सांगत व्हतं, नगा जाऊ, नगा जाऊ. पण ऐकतंय कोण? काठावरनं मामा म्हणले, "आरं, त्या चिमट्यालाच पट्टी मार की. निघंल कशाला?" झालं. काळ्या चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे, वरनं एमसीलचा गोळा. मामांनी सोता अंगठ्यानं दाबला. "आता बघतो कसा निघतोय!"

तेवढ्यात म्हातारा सावळेराम आला. आमच्या धरणात मासं धरतो, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून, हातानं पाणी मारत. म्हणला, "आदेश, दुपारचं त्या तिकडच्या अंगाला जाऊ नगंस. पाणी लई उतरलंय. खाली जुन्या आमराईची खोडं हायेत. वरनं दिसत न्हाईत, इतभर पाण्याखाली उभी हायेत." हे म्हणले, "तिकडंच तर मागं डोंगर चांगला येतो." सावळेरामानं माझ्याकडं बघून ट्यूब वळवली. आता तुमीच सांगा, जो तो माझ्याकडंच का बघत व्हता?

जाकीट एकच. अंगाला तरंगवणारं, नारिंगी. यांनी मला घातलं, कारण मला पवायला येत न्हाई. आन् दुसरं कारण, जाकीट घातलं तर शर्टावर छापलेलं 'आदेश वॉटर स्पोर्ट' झाकलं जातंय! मी मागं बसायचं, हसायचं, ओढणी उडू द्यायची. म्हंजे बायकाबी बसू शकतात असं लोकांना वाटतं. कल्पेशनं बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकला. "पक्का बसलाय ना?" "पक्का!" आन् निघालो.

वारं सुटलं व्हतं. काठ लांब गेला. मामा एवढेसे दिसायला लागले, मग दिसंनातच. तिकडच्या अंगाला पाण्याचा रंग येगळा वो, हिरवट काळा. पाखरू न्हाई, आवाज न्हाई, नुसतं ते इंजिन. हे कॅमेऱ्याकडं बघून हसतायत, समोर बघतच न्हाईत! मी म्हणलं, "अवो, पुढं बघा..."

धाड!

खालनं कुणीतरी लाथ घातल्यागत. स्कूटर तिरकी उडाली, मी सीटच्या पट्ट्याला धरलं व्हतं म्हणून राह्यले, आन् हे... माझ्यापुढची जागा रिकामी! एवढा मोठा माणूस, आत्ता व्हता, आत्ता न्हाई! आन् यंत्र? यंत्र थांबायला नको का? दोरीला हिसका बसायला मनगट कुठाय? एक्सलेटर अडकलेला, यंत्र सुसाट, वर मी एकटी, सायकलसुद्धा कधी न चालवलेली बाई!

पुढं सरकले. हँडल धरलं. एक्सलेटर बोटानं मागं लोटला, हलंना. लाल दोरी ओढली. ओढली, झटकली, लोंबकळले तिला. कॅमेरा हलला न्हाई. चिमटा हलला न्हाई. आठवडाभर पक्कं पक्कं म्हणून बसवलेलं, ते सगळं पक्कं व्हतं! फक्त माणूस सुटा. मागं वळून बघितलं तर लांब एक काळा ठिपका. ठिपका दिसला... मग न्हाई दिसला... मग दिसला. एकच हात वर आला. दुसरा का येत न्हाई? विहिरीत उड्या मारणाऱ्याचा दुसरा हात कुठं गेला?

मग मी वाकले आन् दात लावले. नखानं एमसील उकरलं, नख मुळासकट गेलं. चिकटपट्टी दातात धरून एकेक वेढा फाडला. आन् एकेका वेढ्याला एकेकाचं नाव घेतलं! सासरचं कुणी म्हणून सोडलं न्हाई. कल्पेश, त्याचा मेव्हणा, हे, आन् त्या एमसीलच्या गोळ्यावर ज्यांच्या अंगठ्याचा ठसा व्हता ते मामा! मामांना तर असं असं बोलले की तुमाला सांगत न्हाई. बेल्ह्याच्या बैलबाजारात मोठी झालेली बाई हाय मी, काय काय शब्द माहीत असणार तुमीच समजा!

शेवटचा वेढा सुटला. चिमटा निघाला. गप.

ती शांतता मला आजबी सपनात ऐकू येती. नुसतं पाणी स्कूटरच्या अंगाला लागतंय, चपक, चपक. ठिपका लांब. सावळेरामाची ट्यूब त्याच्याबी लांब, म्हातारा हात मारतोय पण पोचतोय कसला! उडी मारू? मारून करू काय? मग मनात आलं, चिमटा काढला की थांबतंय, घातला की चालतंय. म्हणजे चालवता येतंय की! चिमटा घातला, सुरू करायचं बटण दाबलं, यंत्र उधळलं, चिमटा उपटला. परत घातला, परत उधळलं, परत उपटला. अशी धापा टाकत, गचके खात, वाकडीतिकडी पोचले. शेवटच्या गचक्याला तर यांच्या अंगावरच जात व्हते. ओढणी फेकली. पहिल्यांदा हाताला लागली न्हाई. दुसऱ्यांदा यांनी दातात धरली. दातात! कारण खांदा निखळलेला. मी ओढत ओढत मागच्या पायरीला आणलं, काखंत हात घालून धरून बसले, सावळेराम येईस्तोवर. हे नुसते माझ्याकडं बघत व्हते, डोळे असे... लहान पोरासारखे. मी म्हणलं, "अवो, सोडू नका." मान हलवली. बास.

वाचले. खांदा आळेफाट्याच्या डॉक्टरनं बसवला. त्या दिवसापासनं हे पाण्याला पाठ करून बसतात. ओट्यावरबी पाठ करूनच. स्कूटर ज्याची त्याला परत पाठवली.

आन् कॅमेरा? त्यो सगळा वेळ चालूच व्हता की! कल्पेशनं शिडी आणून दिली, घरातली सगळी टीव्हीपुढं बसली. डबी बंद, म्हणून आवाज कसला न्हाई, नुसती गुडगुड. पण चित्र असं स्वच्छ, एक थरथर न्हाई! हे हसतायत, हे हसतायत, मग हे न्हाईतच, आन् माझं तोंड पुढं येतंय. भलंमोठं! केस सुटलेले, दात इचकलेले, चिकटपट्टी चावतेय आन् तोंडाचा पट्टा चालू, एकेक शब्द ओठांवरनं वाचून घ्यावा असा. सासूबाई, नणंदा, कल्पेश, सगळी पोट धरून हसली. हेबी हसले. मला हसू आलं न्हाई. माझ्या तोंडाच्या मागं, खांद्याच्या वर, त्यो ठिपका व्हता. दिसतोय... न्हाई... दिसतोय. अजून एक माणूस हसत नव्हता. मामा. त्यांचीबी नजर तिथंच.

शिडी संपली. मामांनी घसा खाकरला. "स्नेहल, तोंडातल्या तोंडात काय म्हणत व्हतीस गं पोरी?"

काय सांगणार वो? म्हणलं, "स्तोत्र म्हणत व्हते, मामा."

"कोणचं?"

"पाण्यावरचं हाय. आमच्या माहेराकडचं."

तुमाला सांगते, तिथंच चूक झाली! मामांनी डोळ्याला पंचा लावला, म्हणले, "त्या स्तोत्रानं माझं पोरगं वाचलं. आता रोज दिवेलागणीला म्हणायचं." आता मला कुठलं येतंय स्तोत्र? रोज भाकऱ्या थापता थापता चार ओळी जुळवते, नद्यांची नावं घालते, आसपासचे देव घालते, आन् हात जोडून म्हणते. मामा डोळे मिटून ऐकतात, शेवटपर्यंत. आन् संपलं की एक डोळा उघडून दर वेळंला तेच इचारतात,

"पोरी, माझं नाव कसं येत न्हाई गं यात? त्या दिवशी तर लई वेळा आलं व्हतं."