गाडीखालची जमीन

लिहिताय ते लिहा, पण लिहून झालं की मला वाचून दाखवा हां, कारण मी बोललो एक आणि कागदावर उतरलं भलतंच, असं नको. तसा माझा तुमच्यावर संशय नाय. म्हणजे हाय थोडा, पण तो सगळ्यांवरच असतो. आमची मालन म्हणते, देवाने खरोखर नैवेद्य खाल्ला तरी हे आधी मांजर कुठं हाय ते बघतील. बायको हाय, बोलणारच.

जन्म माझा याच वाडीतला. हातखंब्याहून आत वळून तुम्ही तो लाल मातीचा उतार चढून आलात ना, तो आमचा उतार, त्याचं पुढं येईलच. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं, इकडं माझा बापूस, तिकडं काका, आणि पुढचं अंगण, आमचं खळं, दोन्ही घरांत मिळून एक. मी रांगत व्हतो तवाच आवस गेली, मंग काकीनेच वाढवलं, तिचा सदू आणि मी एका ताटात पेज जेवलो, आणि ताटातला सुका बांगडा सदू आधी पळवायचा, तवापासून माझं त्याच्यावर लक्ष. हसू नका, लहानपणचं वळण जात नाय माणसाचं.

थोडा मोठा झालो तसं बापसाने मुंबईला धाडलं, उस्तादाकडं. उस्ताद आपल्या पूर्णगडचा, होडी सोडून टॅक्सीत आलेला. त्याच्याकडं आधी गाडी धुतली, मंग चालवायला शिकलो. काय सांगू तुम्हाला, गाडी चालवायला त्याने लवकर शिकवलं पण गाडी बघायला शिकवताना जीव काढला माझा. सकाळी उठून मी दरवाजाला हात लावला की तो मागून ओरडायचा, आधी जमीन बघ. म्हणजे काय, तर गाडी जिथं उभी व्हती तिथली जमीन. तिथं डाग हाय काय, थेंब हाय काय, ते बघ, मंग बोनेट उघड, रेडिएटरचं पाणी बघ, इंजिनाची ऑइलची कांडी पुसून बघ, पट्टा दाबून बघ, ब्रेकच्या तेलाची डबी बघ, चाकाला हात लावून बघ, आणि मंग अल्लाचं नाव घे. तो म्हणायचा, होडीला भोक पडलं तर पाणी आत येतं आणि गाडीला पडलं तर बाहेर जातं, एवढाच फरक. बाहेर गेलेलं जमिनीवर दिसतं. जमीन खोटं बोलत नाय. हे त्याचं वाक्य मी डोक्यात खिळ्यासारखं ठोकून घेतलं, आणि त्यानेच पुढं माझा घात केला म्हणा की.

मुंबईत खूप वर्षं काढली. बापूस गेला तवा घर बंद पडायला नको म्हणून मालनला घेऊन परत आलो, येताना एक जुनी गाडी घेऊन आलो. गाडीचं नाव कशाला सांगू, वाडीत तेवढी एकच, सगळे तिला गाडीच म्हणत. आजारी माणूस न्यायचं हाय, बाळंतीण आणायची हाय, लग्नाचा नवरा न्यायचा हाय, बोलवा गाडी. एकदा एका वऱ्हाडाला घेऊन वेळणेश्वरापर्यंत गेलो, परतीला नवरीच्या मामाने गाडीत ओकारी केली, ते एक राहू दे. सांगायचं काय, गाडी उभी असायची खळ्यात, माझ्या आणि सदूच्या दारांच्या बरोबर मधे.

त्या साली पाऊस गेला, दिवाळीच्या आधी आम्ही खळं केलं. आम्ही म्हणजे मी आणि सदू दोघांनी मिळून, माती चोपून, वर बायकांनी शेणाने सारवलं, असं गुळगुळीत की सुई पडली तरी दिसेल. आणि पुढच्या काही दिवसांतच ब्रेकच्या डबीतलं तेल खाली जायला लागलं. एका सकाळी बघतो तर रेघेच्या खाली. भरलं. पुन्हा दोन-चार सकाळींनी खाली. आता ब्रेकचं तेल काय कापूर हाय उडून जायला? मी वाकून जमीन बघितली, या चाकाखाली, त्या चाकाखाली, जमीन स्वच्छ. थेंब नाय, डाग नाय. जमीन खोटं बोलत नाय, मंग तेल गेलं कुठं? कोणीतरी काढतंय. सरळ हिशोब.

कोण काढणार? खळ्यात येतं कोण? आणि त्याच सुमाराला, ऐका हां, सदूच्या विहिरीवरचा रहाट, जो वर्षभर असा किंचाळायचा की माणसाने झोपेतून उठावं, तो एकाएकी गप्प झाला. मी पडवीत बसलेला, सदू पाणी काढतोय आणि रहाट गप्प. तेल लागल्याशिवाय गप्प होतो काय रहाट? मी मालनला म्हटलं, बघ. ती म्हणाली, काय बघू? मी म्हटलं, ऐक. ती म्हणाली, काय ऐकू, काय ऐकू येत नाय. मी म्हटलं, तेच तर.

मंग मी चुलीतली राख घेतली आणि संध्याकाळी गाडीच्या चारी बाजूंनी पातळ पसरली. म्हटलं, आला की पाऊल उठेल. सकाळी बघतो तर राखच नाय! पाऊल सोडा, राखेचा कण नाय. मालनला विचारलं, तू झाडलंस काय गं गाडीजवळ? ती म्हणाली, मी कशाला जाऊ तुमच्या गाडीजवळ, तुळशीपुढचं तेवढं सारवते मी. म्हणजे चोर नुसता चोर नाय, मागचं पुसून जाणारा चोर. आणि थंडीचे दिवस, दवाने सगळं खळं सकाळी ओलसरच असायचं, कोणी पुसलंय काय ते कळायचं कसं.

सदूला तोंडावर विचारलं नाय. भाऊबंदाला तोंडावर विचारलं की तो आधी बांधावरचा फणस काढतो, मंग आज्याचं मरण काढतो, मूळ गोष्ट राहते बाजूला. मी आपला नारळ घेतला आणि देवळात गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, बा देवा महाराजा, जो कोण याच्या गाडीच्या तेलावर हात घालीत असेल तो सर्वांच्या समोर येऊं दे रे महाराजा. बाजूला बसलेले चार जण म्हणाले, व्हय महाराजा. नाव मी घेतलं नाय. पण वाडीत नाव घ्यायला लागतच नाय, ज्याचं दार खळ्यात त्याचं नाव.

दुसऱ्या दिवशी सदू आला, खळ्याच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, एका ताटात जेवलो त्याच्यावर देव घालतोस? एवढंच. मंग त्याने निवडुंगाच्या आणि निरगुडीच्या काठ्या आणल्या आणि दोघांनी मिळून चोपलेल्या त्या खळ्यावर मधून वई घातली. काठ्या रोवताना जमीन फुटत व्हती, मला इथं आत लागत व्हतं, खरंच लागत व्हतं, पण मी पडवीतून बघत बसलो, म्हटलं बघा, खरं बोललं की कसं झोंबतं. काकी त्या बाजूला दारात उभी राहून बघत व्हती. संध्याकाळी काकीकडून माझ्याकडं घावन यायचं, ते बंद झालं.

आणि तेल? तेल जातंच व्हतं. वई घातली तरी जातंय. मी म्हटलं, वईवरून येतो काय हा?

एका दुपारी काकी सड्याच्या माळावर गवत काढायला गेलेली, तिथं फुरसं चावलं. पायाला, घोट्याच्या वर. सदूने पाठीवर घेतली आणि रस्त्याकडं धावत सुटला, धावत, माझ्या दारावरून, माझी गाडी समोर उभी असताना, एक हाक मारली नाय त्याने. मी गाडी काढली आणि पाखाडीच्या वाटेच्या तोंडाशी आडवी घातली. म्हटलं, बस. तो म्हणाला, तुझ्या गाडीत? तेल मोजलंस काय आधी? त्याच्या खांद्यावरून काकी म्हणाली, बस रे सदू, याला मी पेज भरवली हाय, हा काय मला मारतोय. पाय तिचा तोवर हा असा सुजलेला.

निघालो. आणि त्या उताराला लागलो, मधल्या वळणाला ब्रेकवर पाय ठेवला तर पाय गेला थेट खाली. पुन्हा मारला, पुन्हा खाली. ब्रेकच नाय. आता तुम्ही इथं आरामात बसून ऐकताय म्हणून, पण त्या वेळी डोक्यात कायच नसतं, हातच काय ते करतात. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, तो निम्माच लागला, मंग गाडी डाव्या बाजूच्या दगडी गडग्याला घासत नेली, चिरे आणि पत्रा दोन्ही रडत व्हते, आणि थांबली. मागून सदू ओरडला, मारायलाच काढलीस काय रे आम्हांस? बघा म्हणजे, संशय काय मला एकट्यालाच येत नाय.

तो खाली उतरला. मागच्या चाकाशी बसला, आतल्या अंगाने टायरला हात लावला आणि हात माझ्यासमोर धरला. चिकट, काळा, ब्रेकच्या तेलाचा वास. म्हणाला, हे घे तुझं चोरलेलं तेल.  काकी गाडीत कण्हत व्हती, बोलायला वेळ नव्हता. सदूने गडग्याचा एक चिरा उचलला, मी पहिल्या गिअरमधे गाडी मुंगीसारखी सोडली, आणि तो चिरा घेऊन चाकाबाजूने धावतोय, गाडी जरा सुटली की चाकापुढं चिरा टाकतोय, पुन्हा उचलतोय, पुन्हा धावतोय. बोटं फुटली त्याची. असे आम्ही हमरस्त्याला उतरलो. लांज्याकडून येणारी एस्टी आडवे होऊन थांबवली. कंडक्टर भला माणूस, त्याने मधे कुठं थांबू न देता रत्नागिरीत थेट हॉस्पिटलच्या दारात उतरवलं. काकी वाचली. पाय जरा ओढते, पण वाचली. 

घरी आलो तर मालन दारात. मी सांगितलं, चाकाच्या आतलं रबर फाटलंय, तिथनं तेल गळत व्हतं. पण जमिनीवर कसं नाय दिसलं गं? ती म्हणाली, दिसत व्हतं. म्हटलं, म्हणजे? म्हणाली, रोज पहाटे त्या मागच्या चाकाशी काळ्या तेलाचा डाग असायचा. मला वाटलं कोणीतरी करणी करतंय, गाडीवर तेल ओतून जातंय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तेच डोक्यात घेऊन गाडी चालवली असती. म्हणून तुम्ही उठायच्या आधी शेणाने सारवून टाकत व्हते. मधे एकदा कोणी राख पण टाकून गेलं, ती पण मीच पुसली.

 एका घरात दोन संशयी माणसं, मी संशयाने राख टाकतोय आणि ती संशयाने पुसतेय. जमीन खोटं बोलत नव्हती हो, आम्हीच तिच्या तोंडावर शेण फासत व्हतो. उस्तादाने मुंबईत डांबराची जमीन बघितलेली, त्याला सारवलेलं खळं काय ठाऊक. रहाटाचं पण कळलं, काकीने उंडीच्या बियांचं तेल घातलेलं, माझीच झोप मोडते म्हणून.

देवळात दुसरा नारळ नेला, गाऱ्हाणं सोडवायला. गुरवाने विचारलं, कोण निघाला? म्हटलं, रबर. गुरव म्हणाला, मंग आला की समोर, देवाने दिला की न्याय, तुझी तक्रार काय? सदू बाजूलाच बसलेला, बोटांना फडकी गुंडाळून. तो हसला नाय. बरेच दिवस हसला नाय. वई काकीने काढली, लंगडत लंगडत एक-एक काठी उपटून चुलीत घातली, कोणाला विचारलं नाय तिने.

आता असं चालतं. मालन पहाटे शेणाची पाटी घेऊन गाडीजवळ उभी असते, हात लावत नाय. मी वाकून जमीन बघतो, मंग बोनेट, पाणी, ऑइल, पट्टा, ब्रेकची डबी, चाकं. माझं झालं की पलीकडून सदू येतो आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा बघतो. माझ्या बघण्यावर त्याचा विश्वास नाय. चाकाच्या आतून हात फिरवतो, वास घेतो, मंग मालनला म्हणतो, हां, सारव आता. तो माझ्यावर संशय घेतो हे मला बरं वाटतं, काय सांगू तुम्हाला, वई व्हती तवा तो संशय पण घेत नव्हता.

निघालात? सांभाळून जा, देव बरं करो. पण जरा थांबा. तुम्ही चहा घेत व्हतात तवा मी तुमच्या गाडीखाली बघून आलोय, मला तर काय दिसलं नाय. सदूला बोलावलंय. तो बघेल, मंग जा.